बाबांची वही आणि शेजारची धावपट्टी

ताई,
आम्ही नऊ वर्षं स्लाउला होतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये बेडफर्डशायरमधल्या एका खेड्यात घर घेतलं. मागे बाग, मग कुंपण आणि कुंपणापलीकडे गावच्या जुन्या इस्टेटीचं मेंढ्यांचं कुरण. घर बघायला दोनदा आलो, दोन्ही वेळा जानेवारी आणि पाऊस. एप्रिल उजाडला तेव्हा कळलं की त्या कुरणात गवताची धावपट्टी आहे! शनिवार-रविवारी ऊन पडलं की छोटी विमानं आमच्या कपड्यांच्या दोरीवरून उडतात. कधी चार, कधी चौदा. एक पिवळं विमान तर एका दुपारी आठ-आठ वेळा गोल फिरून परत येतं.

यजमान म्हणतात, घराची कागदपत्रं करणाऱ्या सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने फसवलं, केस करू. त्यांनी शोधाशोध केली तर धावपट्टी ‘अनलायसन्स्ड’ निघाली. शेजारच्या बाईंनी काउन्सिलला द्यायचा तक्रार अर्ज लिहून आणलाय. तुमचं घर सगळ्यात जवळ, तेव्हा पहिली सही तुमची, असं त्या म्हणतात. पण दुसऱ्या बाजूचे गृहस्थ त्याच इस्टेटीवर कामाला आहेत, आणि माझी मुलगी त्यांच्या मुलीबरोबर शाळेत जाते. गावात भारतीय आमचं एकच घर. सही करू का? आणि एखादं विमान घरावर पडलं तर?

या सगळ्यावर कडी म्हणजे सासरे. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत, मे महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. आम्ही कानांवर हात ठेवतो आणि ते खुर्ची टाकून प्रत्येक विमानाची वेळ वहीत लिहून ठेवतात. त्यावरून बाप-लेकांचं वाजलंही.
— एक सून

*

सूनबाई,

बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. मग ती वही कुणाच्या हाताला लागून रद्दीत जाणार नाही अशा जागी ठेवा. या प्रकरणात तुमच्या घरात काउन्सिलच्या उपयोगाची एकच वस्तू आहे आणि ती बाबा तयार करताहेत.

कशी ते सांगते. इंग्लंडमध्ये शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर काउन्सिलची प्लॅनिंग परमिशन, म्हणजे जमीन त्या कामाला वापरायची परवानगी, लागते. पण २०१५ च्या सरकारी आदेशात एक सवलत आहे: एका कॅलेंडर वर्षात २८ दिवसांपर्यंत मोकळी जमीन तात्पुरत्या दुसऱ्या वापराला देता येते, कुणाला न विचारता. खेडोपाडी कुरणांत विमानं उतरतात ती बरीचशी याच सवलतीवर. आता नीट वाचा: २८ दिवस, २८ विमानं नव्हे. रविवारी चौदा विमानं आली तरी दिवस एकच. बुधवारी एकच आलं, चहा पिऊन गेलं, तरी तोही एक दिवस. शेजारीणबाईंनी अर्जात काय लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाहीत, पण ‘सतत’, ‘असह्य’, ‘डझनावारी’ असे शब्द असणार हे मी बघितल्याशिवाय सांगते. काउन्सिलच्या अधिकाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. त्याला तारखा लागतात. बाबांना सांगा, वेळेच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा आणि विमान आलेल्या प्रत्येक तारखेला अनुक्रमांक द्या. ज्या माणसाने एसटी स्टँडवर गाड्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी ठेवल्या त्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

पण आकडा २९ झाला की आपण जिंकलो, असं समजू नका. दोन गोष्टी आधी बघायच्या. काउन्सिलच्या संकेतस्थळावर प्लॅनिंगची नोंदवही असते. पैसे पडत नाहीत. त्यात इस्टेटीचं नाव टाका. कदाचित धावपट्टीला रीतसर परवानगी असेल. तशी असेल तर सोबतच्या अटी वाचा: वर्षाला किती उड्डाणं, किती ते किती वाजेपर्यंत, रविवारचं काय. मग बाबांच्या वहीतल्या वेळा आणि विमानांची संख्या यांनाही किंमत येते, म्हणून त्या लिहायचं थांबवू नका. दुसरी शक्यता अशी की परवानगी नाही, पण दहा वर्षांहून जास्त काळ २८ च्या वर दिवस बिनबोभाट विमानं उतरताहेत. अशा वेळी मालक काउन्सिलकडून ‘हा वापर आता कायदेशीर धरावा’ असा दाखला घेऊ शकतो. तो घेतला असेल तर तोही तिथेच दिसेल. आणि काहीच सापडलं नाही, दिवसही २८ च्या वर गेले, तरी कारवाई करायची की नाही हे काउन्सिल ठरवतं. तिच्यावर तशी सक्ती नसते.

यजमानांना तो ‘अनलायसन्स्ड’ शब्द सोडून द्यायला सांगा. आपल्याला तो बिनपरवाना दारूच्या गुत्त्यासारखा ऐकू येतो. इथे त्याचा अर्थ एवढाच की नागरी उड्डाण प्राधिकरणाचा एरोड्रोमचा परवाना त्या जागेला नाही, आणि खाजगी छोट्या विमानांना तो लागतही नाही. इंग्लंडभर अशा धावपट्ट्या आहेत. कुणाच्या गव्हाच्या शेताशेजारी, कुणाच्या सफरचंदांच्या बागेमागे. प्राधिकरणाने त्यांच्यासाठी कॅप ७९३ नावाची मार्गदर्शिकाच काढलीय.

आवाजाच्या कायद्याबद्दल मात्र तुमची निराशा करावी लागणार. शेजारी रात्री दोनला ढोल वाजवत असेल तर काउन्सिल १९९० च्या पर्यावरण कायद्याखाली त्याला नोटीस देऊ शकते. त्याच कायद्यात विमानांचा आवाज वगळलाय. (खेळण्यातल्या रिमोटच्या विमानांचा मात्र वगळलेला नाही. असो.) १९८२ च्या विमान वाहतूक कायद्याचं ७६ वं कलम म्हणतं की वाजवी उंचीवरून विमान गेलं, एवढ्याच कारणावरून कुणाला उपद्रवाचा दावा लावता येत नाही. माणसांपासून आणि घरांपासून ५०० फुटांच्या आत येऊ नये असा वैमानिकांना नियम आहे, पण उतरताना आणि उडताना त्यातून सूट. तुमच्या दोरीवरून जाणारं विमान नेमकं तेव्हाच जातं. आणि खरं सांगू का, नऊ वर्षं स्लाउमध्ये हीथ्रोच्या उशाशी झोपून आलेल्या माणसांनी पासष्ट हॉर्सपॉवरच्या विमानाची तक्रार न्यायाधीशापुढे कोणत्या तोंडाने करायची, हाही प्रश्न आहेच. पण तुमचा त्रास मी खोटा मानत नाही. स्लाउचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावर असतो. हा कुणाच्या तरी हौशीचा असतो, ती हौस करणारा माणूस कुंपणापलीकडे टोपी घालून दिसतो, आणि त्याने आपल्याला कधी विचारलेलं नसतं. तो जास्त टोचतो.

सॉलिसिटरवर केस करण्यात अर्थ दिसत नाही. घर घेताना वकील काउन्सिलकडे जी नेहमीची चौकशी करतो, तो सर्च, आपण घेतोय त्या घरापुरता असतो. शेजारच्या कुरणात काय चालतं हे तो सांगत नाही. विकणाऱ्याने भरून दिलेला टीए६ नावाचा फॉर्म मात्र कपाटातून काढून बघा. शेजाऱ्यांशी किंवा आसपासच्या मालमत्तेवरून काही तंटा, तक्रार झाली आहे का, असा प्रश्न त्यात असतो. आधीच्या मालकाने धावपट्टीविरुद्ध तक्रारी करूनही तिथे ‘नाही’ लिहिलं असेल, तर सॉलिसिटरशी बोलण्यासारखं काहीतरी आहे.

हाच फॉर्म तुमच्या सहीच्या आड येतो, आणि हे शेजारीणबाईंनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. उद्या तुम्ही घर विकायला काढलंत की तो प्रश्न तुम्हाला येणार. काउन्सिलकडे सही करून दिलेली तक्रार म्हणजे लिहून द्यावी लागणारी तक्रार. घेणारा ते वाचतो आणि पुढच्या गावातलं घर बघायला जातो. तेव्हा आज सही करू नका. आणि एक मनातलं बोलते. तुम्ही तिथे येऊन दीड वर्ष झालं नाही, त्या बाई किती वर्षं राहताहेत? इतकी वर्षं पहिली सही त्यांची का झाली नाही? तुमचं घर जवळ आहे हे कारण खरंही असेल. पण गावातल्या एकुलत्या एका भारतीय घराचं नाव यादीच्या डोक्यावर आणि बाकीच्यांची त्याच्या सावलीत, ही मांडणी मला आवडली नाही.

विमान घरावर पडण्याची भीती तुम्ही एका ओळीत लिहिलीत, पण पत्रातली खरी ओळ तीच वाटली, म्हणून जरा थांबते. ते पिवळं विमान बहुधा पायपर कब असावं. वर्णन जुळतं. १९३० च्या दशकात निघालेलं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, दोघांपुरतं. माणसं आणि इंधन धरून जास्तीत जास्त साडेपाचशे किलो, म्हणजे तुमच्या दारातल्या गाडीच्या निम्म्यानेही भरेल की नाही. टाकीत पेट्रोल साध्या मोटारीएवढं. वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एम-१ महामार्गावरून तुम्ही जाता त्याहून फार नाही. इंजिन बंद पडलं तरी ते दगडासारखं कोसळत नाही, घरंगळत खाली येतं, आणि चारही बाजूंना कुरणं असताना वैमानिक छप्पर निवडत नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण काही पडून तुमचं नुकसान झालंच, तर त्याच ७६ व्या कलमात भरपाईची सोय आहे, आणि निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर टाकलेलं नाही.

गवतावरून उडणाऱ्यांची आकडेमोड बघितलीत तर भीती थोडी निवळेल. प्राधिकरणाचं सुरक्षा पत्रक सांगतं: कोरडं गवत असेल तर उड्डाणाचं अंतर २० टक्के वाढवून धरा, ओलं असेल तर ३० टक्के. विमानाचं वजन १० टक्के वाढलं तर अंतर २० टक्के वाढतं. आणि हे सगळं झाल्यावर एकूण आकड्याला १.३३ ने गुणा, सुरक्षिततेसाठी. म्हणजे जमिनीवरून सुटून ५० फूट उंची गाठायला विमानाच्या माहितीपुस्तकात ३०० मीटर लिहिले असतील तर ओल्या गवतावर ३९० आणि त्या गुणाकारानंतर जवळजवळ ५२० मीटर. उतरताना आखूड ओलं गवत तर फारच फसवं, चाकं घसरतात. बाबांना हे लगेच कळेल. पहिल्या पावसात खंबाटकी उतरणाऱ्या भरल्या गाडीचं गणित याहून निराळं नसतं.

यातच तुमच्या जानेवारीचं उत्तर आहे. बेडफर्डशायरची चिकणमाती हिवाळ्यात पाणी धरून बसते. कुरण भिजलं की उडायचं नाही. म्हणून तुम्ही घर बघायला आलात तेव्हा सगळं गपगार होतं. आणि म्हणूनच वर्षाची सगळी उड्डाणं उन्हाच्या मोजक्या शनिवार-रविवारांत दाटीवाटीने येतात, तुम्ही पापड वाळत घालता त्याच दिवशी.

आता कपड्यांची दोरी. कुरणात खांबावर नारिंगी कापडी पिशवी फडफडते ती बाबांनी पाहिली असेलच, तो विंडसॉक. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. इंग्लंडात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. तुमचं घर पट्टीच्या नैर्ऋत्य टोकाला असेल तर पूर्ण जोर लावलेली, चढणारी, सगळ्यात कर्कश विमानं तुमच्या वाट्याला. ईशान्येला असेल तर इंजिन मंद करून उतरणारी. कोणत्या दिवशी कुठून कुठे गेलं, हा तिसरा रकाना. वारा पडलेला असताना दिशा वैमानिकाच्या मर्जीवर असते, आणि मर्जीची गोष्ट मागता येते.

मागायची कशी, ते सांगण्याआधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागच्या मोहरीच्या शेतात पाखरं हाकलायला गॅसवरची तोफ लावली होती. आपल्याकडे गोफण असते, बुजगावणं असतं. इथे पहाटे पाचपासून दर वीस मिनिटांनी धडाम. मी तडक सॉलिसिटरचं पत्र धाडलं, दोनशे दहा पौंड मोजून. शेतकऱ्याने त्याच्या सॉलिसिटरकडून उत्तर धाडलं. तोफ तिथेच राहिली. पुढे तीन वर्षं तो गृहस्थ दुकानात समोर आला की पावांच्या रॅककडे बघायचा. मग गावात नव्याने आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी कुत्रं फिरवताना त्याला सहज म्हटलं, “माझा टॉबी फार घाबरतो हो.” त्याच संध्याकाळी तोफ दोनशे मीटर पलीकडे गेली. मला अजून राग येतो, पण कुणाचा ते नक्की सांगता येत नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या बाजूचे ते गृहस्थ, ज्यांच्यामुळे तुम्ही अडचणीत आहात असं लिहिलंत, तेच तुमचं दार आहेत. त्यांना विचारा: विमानांचं कोण बघतं, कधी भेटेल? बहुधा इस्टेट ऑफिसातला एखादा एजंट, नाहीतर स्वतः उडणारा कुणीतरी. भेटीत “बंद करा” म्हणू नका. त्या वाक्याला उत्तर एकच असतं. पिवळ्या विमानाच्या आठ फेऱ्यांबद्दल बोला. तो उतरण्याचा सराव चाललेला असतो, आणि तो दुसऱ्या एखाद्या मोठ्या एरोड्रोमवरही करता येतो. उडाल्यावर सुरक्षित उंची आली की दहा-वीस अंश वळून घर टाळता येईल का, विचारा. रविवारी सकाळी किती वाजल्यापासून, तेही. आणि हे जरूर सांगा: अशा खाजगी पट्टीवर येणाऱ्या पाहुण्या वैमानिकाला आधी फोन करून परवानगी घ्यावी लागते. त्या फोनवर मालक त्याला पट्टीची लांबी, मेंढ्या, विजेच्या तारा यांबद्दल सांगतो, आणि कोणत्या घरांवरून जायचं नाही तेही सांगतो. त्या यादीत तुमचं घर घालायला त्यांना एक पैसा लागत नाही. तुमचे चौदा विमानांचे रविवार पाहुण्यांचेच असणार.

यानंतरही उन्हाळाभर फरक पडला नाही आणि वहीचा अनुक्रमांक २८ च्या पुढे गेला, तर काउन्सिलच्या एन्फोर्समेंट, म्हणजे नियमभंगावर कारवाई करणाऱ्या विभागाला तुमच्या एकटीच्या नावाने अर्ध्या पानाचं पत्र लिहा. तारखा जोडा, विशेषणं गाळा. तेव्हा टीए६ चं ओझं डोळे उघडे ठेवून उचललेलं असेल.

बाबांचं आणि यजमानांचं वाजलं त्यात मी पडत नाही. फक्त यजमानांनी एकदा विचार करावा की बेडफर्डशायरच्या त्या खेड्यात दुपारी तीन वाजता सातारच्या माणसाला बोलायला कोण असतं. ना पेपर, ना पार, ना कट्टा. विमानं येतात म्हणून त्यांची ड्यूटी तरी लागते. एखाद्या संध्याकाळी त्यांना ओल्ड वॉर्डनला न्या, तुमच्याच काउंटीत आहे. तीही एका इस्टेटीवरची गवताची धावपट्टीच. रिचर्ड शटलवर्थ नावाच्या तरुण जमीनदाराने तिथे जुनी विमानं आणि मोटारी जमवल्या. १९४० मध्ये हवाई दलात असताना तो गेला आणि १९४४ मध्ये त्याच्या आईने ट्रस्ट करून तो संग्रह राखला. १९०९ चं ब्लेरिओ विमान तिथे अजून जमीन सोडतं, वारा अगदी पडला असेल तरच. वोबर्न ॲबी हा जुना सरदारी वाडाही त्याच काउंटीत. तिथल्या डचेस मेरी साठी ओलांडल्यावर विमानाच्या नादी लागल्या. कानात सतत गुणगुण असायची, ऐकू कमी यायचं. १९२९ च्या ऑगस्टमध्ये त्या आपल्या वैमानिकांबरोबर आठ दिवसांत कराचीला जाऊन परत आल्या. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे बाई आपल्याच इलाख्यात येऊन गेल्या म्हणायच्या. मार्च १९३७ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी वोबर्नहून एकट्या उडाल्या त्या परत आल्या नाहीत. हे बाबांना सांगा. वहीत कुठेतरी टिपून ठेवतील.

भेटीला जाताना बाबांना बरोबर न्या. विमानांची वेळ न वेळ माहीत असलेला पाहुणा आला की तिथल्या माणसांची जीभ सुटेल. वही मात्र पहिल्या भेटीत घरीच राहू द्या. आणि त्यांनी बाबांना पिवळं विमान जवळून बघायला बोलावलं, तर प्रॉपेलरच्या समोर उभं राहू देऊ नका, तो बंद दिसत असला तरी.